झाकलेल्या बाटलीचा न्याय

फ्रेंच वाईनची चव हा मराठी दैनिकाच्या या पानावर चर्चिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत वाईनची बाटली हा आजही कुजबुजीचा विषय आहे. आणि बोर्दोची नामांकित बाटली तर शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगारात बसणारी वस्तूच नव्हे. परंतु येथे प्रश्न पिण्याचा नाही, पारखण्याचा आहे. एखाद्या वस्तूची, लिखाणाची अगर माणसाची गुणवत्ता ठरवावी कशी, ती ठरविताना नावाला किती वजन द्यावे, आणि ठरविणाऱ्याला कोणी तपासावे, या प्रश्नांचा गेल्या अर्धशतकात वाईनच्या बाबतीत जितक्या पद्धतशीरपणे विचार झाला, तितका फार थोड्या वस्तूंच्या बाबतीत झाला असेल. परीक्षा घेणे, परीक्षा देणे आणि परीक्षेच्या निकालावर आयुष्याची दिशा ठरणे हे ज्यांच्या नित्याच्या अनुभवाचे आहे, त्यांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

भावावरून ठरलेली श्रेष्ठता

या कथेचा आरंभ १८५५ मध्ये होतो. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी हवी होती. बोर्दोच्या व्यापारी मंडळाने ते काम शहरातील वाईनच्या दलालांवर सोपविले, आणि दलालांनी पंधरवड्याच्या आत, १८ एप्रिल १८५५ रोजी, तांबड्या वाईनची पाच श्रेणींतील यादी सादर केली. पहिल्या श्रेणीत चारच नावे होती : लाफित, लातूर (आपल्या लातूरशी याचा संबंध नाही), मार्गो आणि ओ-ब्रियाँ. ही यादी पेले समोर मांडून, चव घेऊन तयार झालेली नव्हती. कोणत्या मळ्याच्या वाईनला बाजारात दीर्घकाळ काय भाव मिळत आला, एवढाच तिचा आधार होता. बाजारभाव हाच गुणवत्तेचा पुरावा, असे दलालांनी मानले. आणि दलालांनी दुसरे काय मानावे?

त्या यादीचे पुढील दीडशेहून अधिक वर्षांतील स्थैर्य मात्र विस्मयकारक आहे. मळ्यांचे मालक बदलले, जमिनींच्या सीमा बदलल्या, वेलींवर रोग आले, दोन महायुद्धे झाली. पण श्रेणी कायम राहिल्या. एक मळा आरंभीच यादीत जोडला गेला, तेवढा सोडला तर खरा बदल एकच झाला. दुसऱ्या श्रेणीत पडलेल्या मूताँ रोथ्शील्ड या मळ्याच्या मालकाने अनेक दशके खटपट केली, तेव्हा १९७३ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते झाक शिराक, जे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथील चक्र सहज दिसेल : भाव अधिक म्हणून श्रेणी वरची, आणि श्रेणी वरची म्हणून भाव अधिक. या चक्रात मूळ वस्तूची पुन्हा चव घेण्याची गरजच कोणाला उरत नाही.

नाव म्हणजे केवळ फसवणूक नव्हे

तरीसुद्धा नावाला सरसकट खोटे ठरविणे हा उतावळेपणा होईल. वाईनची बाटली उघडल्याखेरीज चव कळत नाही, आणि उघडल्यावर परत करता येत नाही. विकणाऱ्याला माल ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा बाजारात हलका माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले, आणि त्याबद्दल २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फ्रान्सच्या द्राक्ष उत्पादकांनी हा धडा त्याहून कितीतरी आधी आपल्या अंगावर घेतला होता. १८६० नंतरच्या दशकांत फिलॉक्सेरा नावाच्या अमेरिकेतून आलेल्या सूक्ष्म किडीने तेथील द्राक्षमळे मुळासकट उद्ध्वस्त केले. अखेर अमेरिकन जातीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधूनच मळे वाचवावे लागले. दरम्यानच्या काळात भेसळीला ऊत आला. साखर घालून वाढविलेली, बाहेरून आणून स्थानिक नावाने खपविलेली वाईन बाजारात आली, आणि १९०७ मध्ये लांगदॉक प्रांतातील शेतकरी लाखांच्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर सरकारने सैन्य धाडले आणि त्यात माणसे मारली गेली.

अशा अनुभवांतून १९३५ चा कायदा आला. अमुक गावाचे नाव बाटलीवर घालायचे असेल तर द्राक्षे त्याच हद्दीतील हवीत, ठरलेल्या जातींची हवीत, आणि दर हेक्टरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक उत्पादन घेता कामा नये, असे नियम त्यामुळे झाले. म्हणजे नाव हा एक करार आहे. न पाहिलेल्या मालाबद्दल घेणाऱ्याला दिलेले ते वचन आहे. आपल्याकडे पैठणीला किंवा हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच विचाराने. तात्पर्य, नाव कष्टाने मिळविता येते आणि ते उपयोगी पडते. प्रश्न निर्माण होतो तो नाव मिळाल्यावर परीक्षेतून कायमची सूट मिळू लागते तेव्हा.

पॅरिसमधील एक दुपार

ही सूट एका दिवसापुरती काढून घेतली गेली ती २४ मे १९७६ रोजी. स्टीव्हन स्परियर हे ब्रिटिश गृहस्थ पॅरिसमध्ये वाईनचे दुकान आणि वाईन पारखण्याचे वर्ग चालवीत. २०२१ मध्ये ते निवर्तले. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलहर यांनी एक तुलना योजिली. पांढऱ्या वाईनमध्ये बर्गंडीच्या चार आणि कॅलिफोर्नियाच्या सहा. तांबड्यांत बोर्दोच्या चार आणि कॅलिफोर्नियाच्या सहा. ज्यांचे गुण मोजले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते, आणि तेही कोणी ऐरेगैरे नव्हते. त्यांत नामांकित मळ्यांचे मालक होते, उपाहारगृहांचे चालक होते, वाईनविषयक प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादिका होत्या. प्रत्येक पेल्याला २० पैकी गुण द्यायचे होते, आणि पेल्यात कोणती वाईन आहे हे सांगितले जाणार नव्हते.

पारखण्याची रीत तशी साधी असते. पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका धरून रंग पाहायचा. तो गोल फिरवून वास घ्यायचा. घोट तोंडात घोळवून आंबटपणा, तुरटपणा आणि मागे रेंगाळणारी चव यांचा अंदाज घ्यायचा, आणि घोट थुंकून टाकायचा. बुद्धी शाबूत राहावी म्हणून न गिळणे हा या पंथाचा पहिला नियम आहे! त्या दुपारी या जाणत्या मंडळींची जी तारांबळ उडाली, तिचे साक्षीदार असलेले एकमेव पत्रकार, 'टाइम' साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर, यांनी ती नोंदवून ठेवली आहे. एका परीक्षकाने एक पेला चाखून, आता आपण फ्रान्सला परतलो, अशा अर्थाचे समाधान व्यक्त केले. पेल्यात कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील वाईन होती.

निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या शातो मॉन्तेलेनाचा आला. ती तयार करणारे माइक गर्गिच क्रोएशियातून आलेले निर्वासित होते. तांबड्यांत पहिली आली स्टॅग्ज लीप. तिचे निर्माते वॉरन विनियार्स्की हे पूर्वी शिकागो विद्यापीठात अध्यापन करणारे; प्राध्यापकाने नोकरी सोडून केलेला उद्योग असा फळाला आल्याचे उदाहरण विरळाच! दुसरा क्रमांक मूताँ रोथ्शील्डचा. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच पहिल्या श्रेणीत बढती मिळालेल्या मळ्याचा. नियतकालिकाच्या संपादिकाबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली, पण ती देण्यात आली नाही. फ्रेंच वृत्तपत्रांनी आरंभी या घटनेची दखल घेतली नाही, आणि काही महिन्यांनी घेतली ती उपहासाने.

या परीक्षेत दोष नव्हते असे नाही. दोन बाजूंच्या बाटल्यांची संख्या समान नव्हती. पांढऱ्यांचा निकाल तांबड्यांच्या आधीच जाहीर झाल्यामुळे परीक्षक सावध झाले, आणि अमेरिकन वाईन ओळखून काढण्याचा मोह त्यांना झाला असणे शक्य आहे. बोर्दोची वाईन पिकायला वर्षे लागतात, तेव्हा ही तुलना अकाली झाली, असाही आक्षेप आला. त्यावर उत्तर काळानेच दिले. ३० वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच तांबड्या वाईन लंडन आणि नापा येथे एकाच वेळी पुन्हा पारखल्या गेल्या; तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने पटकावले. मात्र पहिली आली ती स्टॅग्ज लीप नव्हे, तर १९७६ मध्ये पाचवी आलेली रिज माँटे बेलो. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुनर्परीक्षा झाली तेव्हा जुने विजेतेही जागच्या जागी राहिले नाहीत.

परीक्षकांची परीक्षा

येथवर कथा सुखान्त वाटते : नाव झाकले, न्याय झाला. परंतु गुणपत्रिका नीट पाहिल्या तर हा आनंद बराच ओसरतो. पहिल्या आलेल्या स्टॅग्ज लीपला एका परीक्षकाने २० पैकी १० गुण दिले होते आणि दुसऱ्याने १६.५. तिच्या व मूताँच्या सरासरीतील अंतर पाव गुणाहूनही कमी होते. ज्या मापाच्या खुणाच साडेसहा गुणांनी मागेपुढे होतात, त्या मापाने पाव गुणाचे अंतर मोजून एकाला विजयी व दुसऱ्याला पराभूत ठरविणे हे सांख्यिकीला मान्य होणारे नाही. त्या दुपारी एवढेच सिद्ध झाले की, फ्रेंच वाईन निर्विवाद श्रेष्ठ होत, हा समज टिकणारा नाही. अमेरिकन वाईन श्रेष्ठ आहे, हे त्यातून सिद्ध झाले नाही.

पुढील संशोधनाने ही शंका अधिकच गडद केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बोर्दो येथील एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाईन ठेवली होती, पण तिच्यात वास नसलेला तांबडा रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. डोळ्यांनी जिभेला आणि नाकाला फितवले! २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाईन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितलेली अधिक आवडली, एवढेच नव्हे, तर मेंदूतील सुखाच्या अनुभवाशी निगडित भागातही अधिक हालचाल दिसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात ६,००० हून अधिक झाकलेल्या चाचण्या तपासल्या गेल्या. किंमत ठाऊक नसताना सर्वसामान्य माणसांना महाग वाईन अधिक आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असे आढळले.

सर्वांत मर्मभेदी प्रयोग मात्र रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांचा. ते स्वतः वाईन तयार करीत, आणि एकच वाईन एका स्पर्धेत पदक मिळविते व दुसऱ्या स्पर्धेत रिकाम्या हाती परतते, याचे त्यांना कोडे पडले होते. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतील स्पर्धेत त्यांनी अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतील वाईन, त्यांना न सांगता, तीन वेळा दिली. तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या श्रेणीत ठेवू शकणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपासच निघाले.

यावर, मग चव म्हणजे सारे थोतांडच, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी दाखविले की, हिवाळ्यातील पाऊस, वाढीच्या हंगामातील उष्णता, काढणीच्या वेळचा पाऊस आणि वाईनचे वय एवढ्या आकड्यांवरून बोर्दोच्या वेगवेगळ्या वर्षांच्या वाईनला पुढे काय भाव येईल याचा बराच विश्वसनीय अंदाज करता येतो. पावसापाण्याचा असा ठसा उमटतो, याचा अर्थ गुणवत्ता ही खरी वस्तू आहे. लहरी आहे ती आपली मोजपट्टी.

आपल्या उत्तरपत्रिका

वाईनचे पेले बाजूला सारून आता उत्तरपत्रिकांकडे पाहावे. १९३५ मध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये नामांकनाचा कायदा झाला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी परीक्षांचीच परीक्षा घेणारा एक अहवाल प्रसिद्ध केला. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १९२९ च्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी इतिहासाच्या, पूर्वी सारखेच गुण मिळालेल्या, १५ उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या, आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. १४ परीक्षकांनी दोन्ही वेळा काम केले. नापास, पास आणि विशेष गुणवत्ता या श्रेणींचा विचार करता, २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाचा दुसरा निर्णय त्याच्या पहिल्या निर्णयाहून वेगळा आला. हॉजसनच्या परीक्षकांना हसणाऱ्या आपण मास्तर मंडळींनी हा आकडा टेबलावर लिहून ठेवावा.

उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि ती झाकलेल्या बाटलीइतकीच मोलाची आहे. आडनाव, जात, गाव यांच्यापासून विद्यार्थ्याला मिळणारे ते संरक्षण आहे. पण आपले झाकणे तेथेच संपते. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत कॉलेजचे नाव अर्जाच्या पहिल्या ओळीतच असते, आणि तालुक्याच्या गावचा मुलगा तोंड उघडण्यापूर्वीच त्याची श्रेणी निम्मी ठरून जाते. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण जाणतो. पण हातात सोने असून नाव नसलेल्याचे काय होते, यासाठी आपल्याकडे म्हणही प्रचारात नाही.

नावाच्या या ओढीला आपला द्राक्षउद्योगही अपवाद नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने फेसाळ वाईन तयार झाली, तेव्हा देशातील विक्रीसाठी तिला फ्रेंच राजदरबारातील मार्कीज द पाँपादूर या स्त्रीचे नाव देण्यात आले. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, नाशिक परिसरात मद्यार्कशाळा वाढल्या, आणि पुढे नाशिकच्या नावालाही भौगोलिक मानांकन मिळाले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण ते नाव १८५५ ची यादी व्हावे की १९७६ ची दुपार, हे नाशिकने ठरवायचे आहे.

वाईनच्या इतिहासातून चार नियम निघतात, आणि ते शिक्षणाला व नोकरभरतीला जसेच्या तसे लागू पडतात. पहिला, जेथे झाकता येईल तेथे नाव झाकावे. प्राथमिक निवडीच्या वेळी उमेदवाराचे आडनाव आणि संस्था निवड समितीला दिसण्याचे कारण नाही. दुसरा, परीक्षकांची परीक्षा व्हावी. प्रत्येक केंद्रावर काही उत्तरपत्रिका, तपासणाऱ्याला न सांगता, दोनदा फिरवाव्यात आणि गुणांतील तफावत जाहीर करावी. कोणाला शासन करण्यासाठी नव्हे, तर आपले माप किती हलते हे सर्वांना कळावे म्हणून. तिसरा, जे अंतर मापाच्या चुकीपेक्षा लहान आहे, त्यावर कोणाचे भवितव्य ठरवू नये. अर्ध्या गुणाने प्रवेश हुकलेला विद्यार्थी अर्ध्या गुणाने कमी लायक असतो, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

चौथा नियम सर्वांत कठीण : मिळालेल्या नावाचीही ठराविक मुदतीने पुनर्परीक्षा व्हावी. बोर्दोच्याच शेजारच्या सेंत-एमिलियोंमध्ये १९५५ पासून मळ्यांची प्रतवारी साधारण दर दहा वर्षांनी नव्याने करण्याची प्रथा आहे. तिचा त्रास किती होतो तेही तेथे दिसते. २००६ ची प्रतवारी न्यायालयाने रद्द केली, आणि २०२२ च्या प्रतवारीपूर्वी शेव्हाल ब्लाँ व ओझोन या अग्रगण्य मळ्यांनी पद्धतीवर नाराज होऊन आपण होऊन अंग काढून घेतले. पुनर्परीक्षेत भांडणे आहेत, खर्च आहे, विलंब आहे. १८५५ च्या यादीत यांपैकी काहीच नाही; तेथे कमालीची शांतता आहे. पण ती शांतता ज्यांची नावे यादीत आली त्यांची आहे. यादीबाहेर राहिलेल्याला आपण कमी का ठरलो हे विचारण्याची जागा तेथे नाही.

आपल्याकडील जुन्या, नामवंत संस्थांना हा चौथा नियम रुचणार नाही. तपासणीसाठी वेळ नाही, माणसे नाहीत, असे विद्यापीठे सांगतील, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु दोनदा तपासलेल्या शंभर उत्तरपत्रिकांचा खर्च फार मोठा नसतो. स्परियर यांच्यापाशी एक दुकान, वीस बाटल्या आणि नऊ माणसांची एक दुपार एवढेच होते. दुसरी गोष्ट जी त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे निकाल काहीही लागला तरी तो जाहीर करण्याची तयारी. आपल्या परीक्षाविभागांनी तेवढी जरी दाखविली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.